वाराचे जेवण



आपल्या मंडळाला यंदा पन्नास वर्षे पुरी होत आहेत. स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लेख द्यावा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. मंडळाचा इतिहास लिहावयास माझ्यापेक्षा जाणत्या भगिनी आपल्यात आहेत. म्हणून येत्या वार्षिक सभेपुढे जो प्रश्न यावयाचा आहे, त्याच्या मागचा इतिहास मला जसा समजला तसा सांगावा असे मी ठरविले. प्रश्न आहे निराधार मुलामुलींचा. पण तो सांगण्यापूर्वी मला माझ्या लहानपणाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती माझ्या फारशा मोठेपणाची नाही.

सुमारे १९५७ सालची गोष्ट. मी तेव्हा आठ वर्षांची होते. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात आमचे बिऱ्हाड होते. दर गुरुवारी दुपारी अकराच्या सुमारास चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे जेवावयास येई. तो कोकणातून शिकावयास आलेला होता, एवढेच मला माहीत होते. वडिलांचा दत्ताचा गुरुवार असे, त्यामुळे आमच्याकडे त्या दिवशी मुख्य स्वयंपाक संध्याकाळी व्हावयाचा. तरीही आई त्या मुलासाठी दुपारी मुद्दाम चूल पेटवी. वरण, भात, पोळी, एखादी भाजी आणि वाटीभर ताक. तो खाली मान घालून जेवी, आपले ताट आपण घासून भिंतीशी उपडे ठेवी आणि आईला नमस्कार करून निघून जाई.

एके दिवशी मी मैत्रिणींबरोबर ओसरीवर सागरगोटे खेळत होते. आत पाटावर जेवणाऱ्या त्या मुलाकडे पाहून एकीने विचारले, "हा कोण गं?" मी म्हणाले, "हा होय? हा आमचा गुरुवार." साऱ्याजणी हसल्या. मीही हसले. त्याने वर पाहिले नाही. जेवण संपविले, ताट घासले, नमस्कार केला आणि तो गेला. पुढच्या गुरुवारी आईने पाट मांडून ठेवला होता, पण तो आला नाही. त्यानंतर तो कधीच आला नाही.

ही गोष्ट मी आईला सांगितली ती माझे लग्न होऊन दोन वर्षे झाल्यावर. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. मी चुलीपाशीच होते ना. पण तुला रागवायला तोंड कुठे होते मला? मीसुद्धा शेजारी त्याला 'गुरुवारचा मुलगा'च म्हणत असे."

आज वार लावून जेवण्याची चाल तरुण भगिनींना ऐकूनही ठाऊक नसेल. गरीब विद्यार्थी शहरात शिकावयास येई. त्याच्याजवळ खोलीभाड्यापुरतेच पैसे, कधी तेही नसत. मग ओळखीपाळखीने तो सात घरे धरी. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात वार लागले की त्याच्या शिक्षणाची सोय झाली. ज्याला सात घरे मिळत नसत तो एखाद्या वारी उपाशी राही किंवा माधुकरी मागे. झोळी घेऊन चार-पाच घरी उभे राहावयाचे आणि मिळेल ते शिजलेले अन्न आणून खावयाचे, ही माधुकरी. या दोन चालींवर महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांतले शिक्षक, वकील आणि कारकून घडले. सरकारने त्यावर एक पैसा खर्च केला नाही. तो सारा खर्च स्वयंपाकघरांनी केला, आणि त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

तथापि या चालीचे गुण गाताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. ही दारे मुख्यतः ब्राह्मणाच्या मुलाला उघडी होती. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या मुलाला हा मार्ग जवळजवळ नव्हताच, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलाला तर ओसरीवरही येता येत नसे. मुलींसाठी वार लावल्याचे मी कधी ऐकले नाही, कारण मुलीने शिकण्यासाठी परगावी जावे ही कल्पनाच नव्हती. आणि ज्या बालकाला आईबाप कोण हेच ठाऊक नाही, त्याचा विचार तर या साऱ्याच्या पलीकडचा होता. आपल्याकडील निराधारांच्या साह्याचा पुढचा इतिहास म्हणजे या बंद दारांपैकी एकेक दार कोणी, केव्हा आणि काय सोसून उघडले, त्याचा इतिहास होय.

त्यातले पहिले दार पुण्यातच उघडले. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. त्या काळी कोवळ्या वयात वैधव्य आलेल्या मुलीचे पाऊल वाकडे पडले, किंवा बहुधा घरातल्याच कोणी पाडले, तर तिला दोनच वाटा उरत: जीव द्यावयाचा किंवा मुलाचा जीव घ्यावयाचा. अशा स्त्रियांनी येथे येऊन बाळंत व्हावे, हवे तर मूल येथेच ठेवून जावे, अशी ती सोय होती. काशीबाई नावाच्या अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले दांपत्याने १८७४ साली आपला मानला आणि पुढे दत्तक घेतला. तो यशवंत. तो डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाई रोग्यांची सेवा करीत होत्या. त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. यशवंतावर त्यांनी जे केले त्याला उपकार हा शब्द लावता येणार नाही. त्यांनी त्याला आश्रय दिला, आणि त्याबरोबर आपले नावही दिले.

१८७५ साली पंढरपुरातही असेच एक गृह निघाले. तेथील न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने ते सुरू झाले आणि प्रार्थना समाजाने ते चालविले. वारीच्या गर्दीत टाकून दिलेली मुले तेथे सापडत. पुढे १८७६-७७ चा दुष्काळ पडला. अन्नासाठी गावेच्या गावे रस्त्यावर आली. तेव्हा सत्यशोधक समाजाने १८७७ साली धनकवडीला दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी अन्नछत्र घातले. आज धनकवडीच्या बसमध्ये बसताना मला याची आठवण होते.

मुलींचे दार उघडावयास आणखी बारा वर्षे गेली. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. तेथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई, सर्वांच्या बाया कर्वे झाली. मुरूडच्या लोकांनी या दांपत्यावर बहिष्कार घातला. अण्णासाहेबांना गरिबीतले शिक्षण म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १८७५ साली सहाव्या इयत्तेची परीक्षा देण्यासाठी ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत भर पावसात पायी गेले होते, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नव्हते. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून अण्णासाहेब चिखल तुडवीत रोज हिंगण्यास जात.

पण येथे पार्वतीबाई आठवले यांचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्या बायांच्या बहीण. विधवा होऊन आश्रमात आल्या, तेथेच शिकल्या आणि मग आश्रमासाठी वर्गणी गोळा करावयास गावोगाव हिंडल्या. १९१८ साली वयाच्या पन्नाशीकडे झुकलेल्या या बाई इंग्रजी शिकावे आणि आश्रमाला मदत मिळवावी म्हणून अमेरिकेस गेल्या आणि तेथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून दिवस काढले. साह्य घेऊन उभी राहिलेली स्त्री दुसरीला उभी करण्यासाठी किती दूर जाते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

याच सुमारास मुलग्यांची बाजूही बदलू लागली. १९०१ साली कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले आणि मग जैन, लिंगायत, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह झाले. मुंबईत १९०६ साली विठ्ठल रामजी शिंदे यांनी दलित मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली आणि त्या कामात त्यांच्या भगिनी जनाक्का खांद्याला खांदा लावून राहिल्या. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह स्थापन झाले. मुद्रणाचे शिक्षण देणारी संस्था म्हणूनही त्याने पुढे लौकिक मिळविला. या संस्थेचे आजचे नाव पुणे विद्यार्थी गृह असे आहे. 'अनाथ' हा शब्द नावातून गेला, आणि तो गेला हे फार चांगले झाले असे मला वाटते. रोज दारावरच्या पाटीत जो शब्द वाचावा लागतो, तो मुलाच्या मनावर कोरला जातो.

या साऱ्या धडपडीला निराळे वळण दिले ते कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, ब्राह्मण, सर्व मुले एका पंक्तीत जेवत. स्वयंपाक, पाणी, झाडलोट, शेतीचे काम मुलेच करीत. १९२७ साली गांधीजींनी या वसतिगृहाला भेट दिली आणि त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. दुपारी आठ वर्षांच्या मुलीच्या चेष्टेने ज्याचे अन्न विटले, त्या मुलाला साताऱ्याच्या पंक्तीत कोणी 'आमचा गुरुवार' म्हणू शकले नसते, कारण तेथले जेवण तो स्वतःच्या कष्टाने मिळविता. मुलाला मदत हवी असते, पण ती घेताना मान खाली घालावी लागू नये, ही गोष्ट भाऊरावांनी ओळखली. आणि तरीही या पंक्तीमागे एक स्वयंपाकघर होतेच. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांसाठी आपले दागिने मोडले, मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या वारल्या. इतिहासात भाऊरावांचे पान मोठे आहे. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला त्यातल्या दोनच ओळी येतात, म्हणून निदान महिलांच्या स्मरणिकेत तरी त्या दोनाच्या चार व्हाव्यात.

१९५५ साली, म्हणजे आमच्याकडचा तो मुलगा येत असे त्याच सुमारास, पुण्यात डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली. खेड्यांतून येणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांची राहण्याजेवण्याची सोय करणारी ही संस्था आजही चालू आहे. अशा वसतिगृहांमुळेच वार लावण्याची चाल हळूहळू संपली, आणि ती संपली याचे कोणी वाईट वाटून घेऊ नये.

आता कायद्याची बाजू थोडक्यात पाहू. इंग्रजी अमलात १८५० साली उमेदवारीचा कायदा झाला. निराधार किंवा लहानसहान गुन्हा केलेल्या दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना धंदा शिकण्यासाठी एखाद्याच्या हाताखाली बांधून देण्याची त्यात तरतूद होती. १८५७ साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाने सुधारगृह निघाले. १९२४ साली मुंबई इलाख्यात मुलांचा कायदा झाला आणि मुलाला मोठ्या गुन्हेगारांबरोबर उभे करू नये, हे तत्त्व मान्य झाले. त्या कायद्याला धरून १९२७ साली मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर १९८६ साली सर्व देशासाठी बालन्याय कायदा आला, २००० साली तो नव्याने झाला आणि २०१५ साली पुन्हा नवा झाला. १९९६ साली मुंबईत मुलांसाठी १०९८ ही दूरध्वनीची सोय सुरू झाली, ती पुढे देशभर पसरली. महाराष्ट्रात मुलाला संस्थेत न ठेवता नात्यातल्या किंवा दुसऱ्या कुटुंबात सांभाळण्यासाठी दरमहा साह्य देणारी बालसंगोपन योजना आहे. तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे, हे सर्वथा योग्यच झाले. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने अनाथ मुलांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण दिले. २०२१ साली, कोरोनाने ज्यांचे आई आणि वडील दोघेही हिरावून नेले, अशा मुलांच्या नावे पाच लाख रुपयांची ठेव ठेवण्याचे ठरले.

म्हणजे दारे पुष्कळ उघडली. मग आपल्या मंडळापुढे प्रश्न कसला, असे आपण विचाराल.

गेल्या दिवाळीत आपण काहीजणी फराळाचे डबे घेऊन एका बालगृहात गेलो होतो. मुलींनी गाणी म्हटली, आपण लाडू वाटले. निघताना एक मुलगी माझ्याजवळ आली. तिला तीन महिन्यांनी अठरा वर्षे पुरी होणार होती. तिच्या हातात नोकरीच्या अर्जाचा कागद होता. तिने विचारले, "आजी, यात 'कायमचा पत्ता' आहे, तिथं काय लिहू?"

मला उत्तर देता आले नाही.

बालगृहातला मुक्काम अठराव्या वर्षी संपतो. २०१५ च्या कायद्यात अठरा ते एकवीस वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी अनुरक्षणाची तरतूद आहे, आणि विशेष कारण असल्यास नियमांप्रमाणे ती तेविसाव्या वर्षापर्यंत वाढविता येते. तरतूद चांगली आहे. पण कायदा खोली देईल, पैसे देईल. खोलीत ताप आल्यावर कपाळावर हात कोण ठेवील? घरमालकाला ओळख कोण देईल? बँकेत पहिल्यांदा जाताना बरोबर कोण जाईल? लग्न ठरताना मुलाची चौकशी कोण करील? पहिल्या बाळंतपणाला ती कोणाच्या घरी जाईल? आपल्या मुलींना अठराव्या वर्षी आपण उंबऱ्याबाहेर काढले असते का? पंचविशीच्या मुलालाही आपण दोनदा फोन करून 'जेवलास का' विचारतो, आणि ज्यांना आधीच कोणी नाही त्यांच्याकडून मात्र अठराव्या वाढदिवशी शहाणपणाची अपेक्षा करतो.

सिंधुताई सपकाळ यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली आणि ४ जानेवारी २०२२ रोजी त्या गेल्या. त्यांनी सांभाळलेली मुले मोठी झाल्यावरही त्यांना माई म्हणत राहिली. एकटी बाई शेकडो मुलांची आई होऊ शकली. आपण सव्वाशे सभासद आहोत. आपल्याला पाच मुलींच्या मावश्या होता येणार नाही काय?

म्हणून सभेपुढे माझी सूचना अशी की आपण वार लावण्याची चाल पुन्हा सुरू करावी, पण तिच्यातला दोष काढून. यंदा अठरा वर्षे पुरी होणाऱ्या पाच मुलींपासून आरंभ करावा. संस्थेच्या आणि जिल्ह्याच्या बालकल्याण समितीच्या संमतीने प्रत्येक मुलीशी मंडळातली दोन घरे जोडावीत, एक नव्हे, कारण एका घरी आजारपण किंवा परगावी जाणे आले तर दुसरे असावे. हे नाते निदान एकवीस वर्षांपर्यंत चालावे. जेवण हे निमित्त, खरे काम सोबतीचे. मुलगी आली की तिने आपल्याबरोबर भाजी निवडावी, आणि आपणही तिच्याकडून काही शिकावे. मोबाईलवरून वीजबिल भरावयाचे मला अजून जमत नाही, ते ती शिकवील. तिचे छायाचित्र वर्तमानपत्रात किंवा पुढच्या स्मरणिकेत छापू नये. तिची हकीगत तिने सांगितल्याशिवाय विचारू नये. आणि तिला तिच्या नावाने हाक मारावी.

काही भगिनी म्हणतील, परक्या मुलीची जबाबदारी कोण घेणार, उद्या काही बरेवाईट झाले तर? ही भीती खोटी नाही, आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच संमती, दोन घरे आणि दर महिन्याला कार्यकारिणीपुढे तोंडी माहिती, या गोष्टी मी सुचविल्या आहेत. बाया कर्व्यांनाही भीती वाटली असेल, आणि त्यांना तर साऱ्या गावाने वाळीत टाकले होते. आपल्याला फार तर शेजारीण दोन शब्द बोलेल.

त्या मुलीचा अर्ज मी विसरलेले नाही. पुढच्या आठवड्यात मी बालगृहात गेले, अधीक्षकबाईंना विचारले आणि माझ्या घराचा पत्ता 'पत्रव्यवहाराचा पत्ता' म्हणून लिहावयास सांगितले. कायमचा पत्ता ती पुढे स्वतः मिळवील. आता तिची पत्रे माझ्याकडे येतात आणि ती घ्यावयास ती येते. ती बहुधा रविवारी येते, पण आमच्या घरात तिला कोणी रविवार म्हणत नाही.

गुरुवारी येणाऱ्या त्या मुलाचे नाव मी कधी विचारले नाही. आईला ते ठाऊक असेल, पण ती आता नाही. तो कोठे असेल, किती शिकला असेल, कोणी सांगावे. आज तो असेल तर ऐंशी ओलांडलेला असेल. हा लेख त्याच्या दृष्टीस पडण्याचा संभव नाही, तरीही मी त्याची क्षमा मागते. आणि येत्या सभेत माझ्या सूचनेच्या बाजूने हात वर करावा, अशी आपणा सर्व भगिनींना विनंती करून हा लेख पुरा करते.